मदत हवी आहे: वृद्ध सेवा केंद्रात काम करताना ताईला सुई टोचली, जबाबदारी केंद्राची की एजन्सीची?

कासारवाडी
माझी मोठी बहीण एका खासगी वृद्ध सेवा केंद्रात मावशी म्हणून काम करते. कचऱ्याची पिशवी बांधताना आतली सुई हातमोजा भेदून तिच्या तळहातात शिरली. इनचार्ज सिस्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि तिला पुन्हा कामाला लावले. व्यवस्थापक म्हणतात की ती एजन्सीची माणूस आहे, त्यामुळे एजन्सीकडे जा. एजन्सीचा सुपरवायझर म्हणतो की अपघात केंद्रात झाला, तेव्हा केंद्राने पाहावे. नुकसानभरपाई कोणाकडे मागायची आणि अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा, एवढेच मला हवे आहे. कृपया 'वकिलांना भेटा' असे सांगू नये. त्यांची फी आम्हाला परवडणारी नाही.

शेवंती
भरपाईचे नंतर पाहता येईल. सुई नेमकी कधी टोचली, ती कोणासाठी वापरलेली होती आणि ताईंनी हेपॅटायटिस बी या काविळीवरच्या लसीचे तिन्ही डोस घेतले आहेत का, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. मी अनेक वर्षे वॉर्डात नोकरी केली आहे, म्हणून आग्रहाने विचारते आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा एचआयव्ही किंवा काविळीच्या विषाणूंशी काहीही संबंध नाही. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायच्या असतात आणि ७२ तासांनंतर त्या सुरू करून उपयोग नसतो. कृपया आधी वेळ सांगा.

पाऊलवाट
आमच्या घरी सासूबाईंची शुश्रूषा करणाऱ्या ताईंचा आम्ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून दिला आहे. वर्षाला फक्त २० रुपये लागतात आणि बँकेच्या खात्यातून आपोआप वळते होतात. असे काम करणाऱ्या प्रत्येकीने तो काढलाच पाहिजे, म्हणजे मालकाच्या दारात उभे राहण्याची वेळ येत नाही.

कासारवाडी
विम्याबद्दल मी विचारलेले नाही. सुई काल संध्याकाळी टोचली. इन्सुलिनची असावी असे ताई म्हणते, पण पिशवी तीन खोल्यांची होती, त्यामुळे कोणाची ते सांगता येत नाही. लसीबद्दल तिला कोणी कधी विचारलेले नाही. तिला ताप वगैरे काही नाही, हातही सुजलेला नाही. आता तरी माझ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

शेवंती
ताप नसणे किंवा हात न सुजणे यावरून काहीही कळत नाही. हे वाचताक्षणी ताईंना घेऊन निघा. मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडून पिंपरीच्या वायसीएममध्ये (यशवंतराव चव्हाण रुग्णालयात), थेट कॅज्युअल्टीत जा आणि 'काम करताना वापरलेली सुई टोचली आहे' असे स्पष्ट सांगा. ओपीडी उघडण्याची वाट पाहू नका. एचआयव्हीच्या गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात आणि त्या सरकारी व्यवस्थेत मोफत असतात. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. ज्यांनी लस घेतलेली नाही त्यांना खरी भीती हेपॅटायटिस बीची असते. बाधित रुग्णाची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून लसीचा पहिला डोस आजच द्यावा आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. जखम दाबून रक्त काढू नका, स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहते पाणी पुरे. आजच रक्ततपासणीही करून घ्या, म्हणजे अपघाताच्या वेळी ताई निरोगी होत्या याचा कागद हाती राहील.

जुनाजाणता
शेवंतीताईंनी सांगितलेले आधी करावे. परत आल्यावर एवढे कळवा: ताईंचा पगार किती, तो कोणाकडून येतो, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का, नेमणूकपत्र आहे का आणि केंद्रात किती माणसे काम करतात. मी कामगार संघटनेत आयुष्य घालवले आहे. या पाच गोष्टी हातात असल्याशिवाय कोणता अर्ज कुठे चालेल ते सांगणे म्हणजे अंधारात बाण मारणे होईल.

पाऊलवाट यांना एक सांगावेसे वाटते. आपण काढलेला विमा चांगलाच आहे, परंतु तो अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर पैसे देतो. गोळ्या, तपासण्या, बुडालेली मजुरी हे त्यात येत नाही. शिवाय कामगाराने स्वतःचा विमा काढला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही.

पाऊलवाट
मालकाची जबाबदारी संपते असे मी म्हटलेले नाही. पण प्रत्यक्षात मालक काही देत नाही, हे आपणही पाहिले असेलच. हातात काहीतरी असलेले बरे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुळाकाठ
मी स्वतः एक लहान वृद्धसेवा केंद्र चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे माणसे टिकत नाहीत. आज लस द्यावी तर पुढच्या डोसापर्यंत ती व्यक्ती दुसरीकडे गेलेली असते. त्यासाठीच आम्ही एजन्सीला माणशी पैसे मोजतो आणि प्रशिक्षण, लस, विमा हे सारे त्या करारात धरलेले असते. लगेच तक्रारीच्या भाषेवर आल्यास ताईंची नोकरी जाईल. माझा सल्ला असा की व्यवस्थापकांना शांतपणे भेटून औषधांचा खर्च मागावा. बहुतेक ठिकाणी तो मिळतो.

जुनाजाणता
आपला करार एजन्सीशी आहे, कायद्याशी नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी जबाबदारी जागा चालवणाऱ्यावर टाकली आहे. स्वतःचे आरोग्य कर्मचारी आणि हा कचरा हाताळणारे इतर, अशा सर्वांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना व त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्यतपासणी करायची, संरक्षक साधने पुरवायची, अपघातांची नोंद ठेवायची, असे त्यात आहे. 'इतर' हा शब्द आपल्या एजन्सीच्या माणसांना सामावून घेतो. एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ याच्या कलम १९ मध्येही तेच आहे: जिथे कामामुळे संसर्गाचा मोठा धोका आहे, तिथे संस्थेने तिथे काम करणाऱ्या सर्वांना सावधगिरीची साधने, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यावरचे औषध द्यायचे आहे. पगार कोणाच्या खात्यातून जातो, हा प्रश्न या दोन्ही ठिकाणी विचारलेलाच नाही.

आणि मुळात सुई पिशवीत आलीच कशी? ती टोचली न जाणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यातच पडली पाहिजे. असा डबा प्रत्येक मजल्यावर ठेवायला किती खर्च येतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

मुळाकाठ
डब्याबाबत मी सहमत आहे; आमच्याकडे तो प्रत्येक खोलीत आहे. परंतु नियम मोठ्या रुग्णालयांना समोर ठेवून केले जातात आणि दहा-बारा खाटांच्या केंद्राला तेच लावले जातात, ही आमची खरी अडचण आहे.

शेवंती
खाटा दहा असोत की पाचशे, सुई तेवढीच खोल शिरते. मूळ प्रश्नकर्त्यांनी ताईंना नेले का, हे कृपया कळवावे.

कासारवाडी
नेले. गोळ्या सुरू झाल्या, लसीचा पहिला डोस दिला, रक्त घेतले. पुढच्या तपासण्यांच्या तारखा केसपेपरवर लिहून दिल्या आहेत. शेवंतीताई, आपले आभार कसे मानावेत कळत नाही.

आता जुनाजाणता यांच्या प्रश्नांकडे येतो. पगार बारा हजार, तो एजन्सी खात्यावर जमा करते. नेमणूकपत्र नाही, कधीच दिलेले नाही. केंद्रात सगळे मिळून तीस-पस्तीस माणसे असतील. ईएसआयचे पैसे पगारातून कापतात असे ताई म्हणते, पण कार्ड तिला मिळालेले नाही.

जुनाजाणता
हेच पहिल्यांदा लिहिले असते तर बरे झाले असते. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे ताई त्यात बसतात. कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम जाते. पासबुक किंवा पगारपत्रक पाहा, विमा क्रमांक मागा आणि जवळच्या ईएसआय शाखा कार्यालयात जाऊन पैसे खरोखर भरले जातात का ते तपासा. एजन्सीने ते भरले नसतील तर मुख्य मालकाने, म्हणजे केंद्राने, आधी भरायचे आणि मग एजन्सीकडून वसूल करायचे, अशी कायद्याची रचना आहे. कामावरच्या दुखापतीच्या लाभासाठी किती महिने वर्गणी भरली, ही अट नसते. गोळ्यांमुळे मळमळ होऊन ताईंना काही दिवस घरी बसावे लागले, तर ईएसआयच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे. तात्पुरत्या अपंगत्वाचा, म्हणजे काम करता न येण्याच्या दिवसांचा, लाभ वेतनाच्या ९० टक्के असतो.

अनेक जण आपल्याला १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली दावा करायला सांगतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे, लागू झाल्या आहेत आणि तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. शिवाय ईएसआय लागू असेल तर त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी कायदेशीर भरपाई मागता येत नाही. म्हणून आपला पहिला दरवाजा ईएसआयचा. नेमणूकपत्र देणे आता मालकाला बंधनकारक आहे, तेही लेखी मागा.

कासारवाडी
केंद्राला पत्र द्यायचे तर त्यात काय लिहू? मुळाकाठ म्हणतात तशी नोकरी जाण्याची भीती ताईला आहे.

मुळाकाठ
पत्र द्यावे, पण आरोपाच्या सुरात नको. मालक म्हणून सांगतो, असे पत्र आले की मी आधी माझी नोंदवही तपासेन.

जुनाजाणता
या बाबतीत मुळाकाठ यांचे म्हणणे बरोबर आहे. तारीख, अंदाजे वेळ, कोणत्या मजल्यावर कोणती पिशवी बांधताना सुई टोचली, तेव्हा कोण हजर होते आणि इनचार्जना केव्हा सांगितले, एवढेच साध्या वाक्यांत लिहा. खाली दोनच मागण्या ठेवा: अपघाताची नोंद करून तिची प्रत द्यावी आणि लसीच्या उरलेल्या डोसांची व्यवस्था केंद्राने करावी. एक प्रत एजन्सीला द्या. दोन्हीकडून शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. कोणी पोच नाकारली तर तेच पत्र पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

शेवंती
लसीचा दुसरा डोस एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी असतो, त्या तारखा पत्रातच लिहाव्यात. ताईंच्या एचआयव्ही तपासणीचा अहवाल मात्र पत्राला जोडू नका; तो मागण्याचा अधिकार केंद्राला नाही.