मदत हवी आहे : 31 इंच ड्रॉ (दोरी ओढण्याची लांबी), रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य 70 इंचांचं घ्यावं की 72 चं?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. मुलगा 17 वर्षांचा, उंची सहा फूट तीन इंच. दीड वर्ष सरावाच्या मैदानावरचं 66 इंची धनुष्य वापरतोय. परवा ड्रॉ मोजला तर 31 इंच भरला! पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन इतका अरुंद होतो की बोटं चिमटतात. काल अनामिकेच्या पेराला रक्त साकळलेलं दिसलं, तेव्हा राहवलं नाही. शेवटच्या दोन इंचांत एकदम जड लागतं, असंही तो म्हणतो.

70 इंच दोन तऱ्हांनी जमतं: 25 इंचांचा रायझर (मधला मुठीचा भाग) आणि लाँग लिम्ब (वर-खालचे वाकणारे भाग), नाहीतर 27 चा रायझर आणि मीडियम लिम्ब. 27 ला लाँग लावले की 72. माझा कल 25-लाँगकडे आहे, 27 चा रायझर इथे कुणाकडे हातात घेऊन पाहायलाही मिळाला नाही. पण त्याची उंची अजून वाढतेय, तेव्हा थेट 72 घ्यावं का?

लिम्बवरचा पौंडांचा आकडा (ओढायला लागणारा जोर) 28 इंच ड्रॉचा असतो, पुढे इंचाला साधारण दोन पौंड वाढतात. त्याला बोटांवर 34 पौंड झेपतात, म्हणजे 28 पौंडांचेच लिम्ब घ्यायचे ना? लांब ड्रॉवाल्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगा.