मदत हवी आहे: कोलोरॅडोत 35 एकरांवर पाणी कसं साठवावं?

नमस्कार मंडळी. सॅन लुईस व्हॅलीत आम्ही 35 एकर माळरान घेतलंय. उंची साधारण 7,600 फूट, पाऊस वर्षाला जेमतेम 7 इंच, नुसती झुडपं आणि वारा. सासरे म्हणाले, शेततळं खणा! इथे ते इतकं सोपं नाही. ओढ्याचं, उतारावरचं पाणी ज्याचा हक्क जुना त्याचं. पागोळ्यांचं पाणी धरायला कायद्याने पिंपं दोनच चालतात, मिळून 110 गॅलन. 35 एकरांमुळे घरगुती बोअरचा परवाना मिळू शकतो (एकरभर बाग आणि जनावरांचं पाणी त्यात बसतं), पण खोदाईचा खर्च ऐकून घाम फुटला.

म्हणून सध्या टँकरने पाणी आणून टाकीत साठवायचा विचार आहे. हिवाळ्यात पारा कधीकधी उणे 30 सेल्सिअसच्याही खाली जातो. कोणी प्लॅस्टिकची टाकी जमिनीत पुरली आहे का? किती खोल? अर्धी रिकामी राहिली तर मातीच्या दाबाने चेपते का? की वरच ठेवून हीटर लावावा, तोही सोलरवर?

आणखी एक. इथे कुंपण आपणच घालायचं, नाहीतर शेजाऱ्याची गुरं बिनधास्त आत. चार शेळ्या पाळायच्या आहेत. आधी कुंपण की आधी बोअर? न्यू मेक्सिको, ॲरिझोनावाल्यांनीही सांगा.