लक्का कबुतराच्या शेपटीची केरसुणी झाली, मदत हवी (तातडीने)

सड्यावरचा:
गणेश चवथीला पंधरा दिवस राहिलेत. माझ्या पांढऱ्या लक्क्याच्या शेपटीचा पंखा पार गेला. टोकं झडलीत, मधली चार-पाच पिसं मोडून लोंबतायत, खाली तपकिरी डाग. दुकानदाराने दिलेले जीवनसत्त्वाचे थेंब दहा दिवस पाजले, ढिम्म फरक नाही. औषधाचं नाव सांगा. डॉक्टरला दाखवा म्हणू नका, आमच्याकडचा गुरांचा डॉक्टर पक्ष्याला हात लावत नाही.

झावळी:
वय? एकटा की जोडी? ठेवता कुठे? खायला काय? फोटो टाकायला काय झालं?

सड्यावरचा:
कबुतरं खातात तेच खातो. पिंजरा नेहमीचाच. फोटो चढत नाहीय.

कुळागरवाला:
खोबरेल चोळा रे बाबा. लक्क्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ बहुधा नसतेच, डार्विननेसुद्धा १८५९ साली हे लिहून ठेवलंय. तेल नाही म्हणून पिसं कोरडी पडून तुटतात. आमची आजी कोंबड्यांना लावायची.

घुमटी:
कुळागरवाले, कोंबडी वेगळी, कबूतर वेगळं. कबुतराची पिसं त्यांच्यातल्याच भुकटीमुळे पाणी धरत नाहीत. आंघोळ झाल्यावर परातीतल्या पाण्यावर पांढरी साय येते, ती कधी पाहिली नाहीत? तेल चोळलंत तर सगळं चिकट होऊन मळ बसेल.
सड्यावरचा, मोडकं पीस उजेडात धरा. सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर उवा. नुसतंच मोडलं असेल तर घासतंय.

कुळागरवाला:
आजीच्या कोंबड्या दहा-दहा वर्षं जगल्या.

तिसवाडीकर:
जोडी लावणार असाल तर शेपटीखालची पिसं आधी कातरा, नाहीतर अंडी फळत नाहीत. बाकी शेंडी आणि पायावर पिसं आहेत का? असतील तर देशी लक्का. विलायती बोडका असतो, मान मागे टाकून थरथरत उभा राहतो.

सड्यावरचा:
जोडी कोणी विचारली? भोकं नाहीत. शेंडी आहे, पायातही पिसं आहेत.

म्हापशेकरीण:
आमच्या एसीवर कबुतरं बसतात, जाळी लावली तरी शिरतात. काय करावं?

घुमटी:
ताई, वेगळा धागा काढा.
पिंजऱ्याचं माप द्या हो. साध्या कबुतराच्या शेपटीत १२ पिसं, लक्क्याच्या तीस-चाळीस, तीही सदा उघडी. वळायला जागा नसली की प्रत्येक गिरकीला जाळीवर घासतात.

सड्यावरचा:
लव्हबर्डचा जुना आहे. दीड फूट लांब, फूटभर रुंद. बलकांवात (दारापुढच्या ओसरीत) सोप्यावर, म्हणजे बाकावर ठेवलाय, झड आली तर थोडा भिजतो.

झावळी:
हे पहिल्याच दिवशी सांगायचंत! डाग ओल्या विष्ठेचे. आजच आत घ्या, मोठी खोली नाहीतर ढाबळ द्या, खाली कोरडा भुसा.

सड्यावरचा:
चवथीपर्यंत पंखा भरेल? भाचा येतोय, त्यानेच दिलाय.

घुमटी:
नाही. मोडलेलं पीस जोडत नाही, ते गळून नवं यावं लागतं. आता पिसं गाळायचे दिवस आहेत, तेव्हा निळसर नळ्या फुटलेल्या दिसतील. त्यांत रक्त असतं, अजिबात उपटू नका.

सड्यावरचा:
एक काल उपटली. रक्त थांबेना म्हणूनच तर धागा काढला.