गांजाच्या दुकानाचा विमा काढणाऱ्या कंपनीला वाचवतं कोण?

रात्रपाळी_इंदिरानगर:
नाशिकमध्ये बसून रात्री अमेरिकन विमा कंपनीच्या फायली तपासतो. परवा कोलोरॅडोतल्या एका दुकानाचा अर्ज आला. मालाच्या रकान्यात सरळ 'गांजाची फुलं', वजन पौंडात. खाली प्रश्न: तिजोरी जमिनीला बोल्ट केलीय का, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता, रोकड कोण नेतं. बायकोला फोटो पाठवणार होतो, मग नोकरी आठवली.

तिथल्या राज्यात दुकान कायदेशीर, पण केंद्राच्या १९७० च्या कायद्यात गांजा बंदच. मग त्याचा हप्ता घेणाऱ्या कंपनीला संरक्षण काय? सिनियर म्हणाला, "तू फाइल क्लोज कर."

काळाकोट:
पक्कं संरक्षण नाही, म्हणून तर मोठ्या कंपन्या लांब राहतात. हप्त्याचा पैसा गांजाच्या विक्रीतून येतो, म्हणजे केंद्राच्या नजरेत तो गुन्ह्यातला पैसा. तो घेतला की मनी लॉन्डरिंगची टांगती तलवार. विमा हा राज्यांचा विषय असं १९४५ चा मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा सांगतो खरा, पण फौजदारी कायद्यापुढे तो ढाल होत नाही. ती ढाल द्यायला 'क्लेम ॲक्ट' विधेयक २०१९ मध्ये आणलं, २०२१ मध्ये पुन्हा आणलं. पास नाही झालं. गांजाच्या धंद्याला सेवा देणाऱ्या बँकांना वाचवायला आणलेल्या 'सेफ बँकिंग' विधेयकातही विमा कंपन्यांचा समावेश होता. २०१९ मध्ये ते खालच्या सभागृहात ३२१ विरुद्ध १०३ मतांनी निघालं आणि सिनेटमध्ये अडकलं.

क्लेमवाली_ताई:
कोर्टाचंही एकमत नाही. हवाईत एकीची औषधी गांजाची झाडं चोरीला गेली, तिने घराच्या विम्यावर क्लेम लावला. २०१२ मध्ये कोर्ट म्हणालं, केंद्राच्या कायद्याविरुद्ध पैसे द्यायला आम्ही लावणार नाही. उलट कोलोरॅडोत ग्रीन अर्थ हे गांजाचं दुकान विरुद्ध अटेन ही विमा कंपनी, २०१६. वणव्याच्या धुराने माल खराब झाला. कंपनी म्हणे, गांजा बेकायदा. जज म्हणाल्या, काय विकतात ते ठाऊक असून पॉलिसी दिलीत, आता मागे फिरता येणार नाही. पण गंमत पुढे आहे. वाढत असलेली झाडं पॉलिसीतल्या 'वाढतं पीक' या अपवादात गेली, त्यांचे पैसे नाहीत. काढून ठेवलेली फुलं मात्र माल धरली.

भांगवाला_पंचवटी:
आपल्याकडे हा प्रश्नच नाही भाऊ. एनडीपीएस, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामध्ये गांजा म्हणजे फुलोरा, नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून काही राज्यांत महाशिवरात्रीला भांग चालते. फुलोऱ्याच्या धंद्याचा विमा काढलास तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ आहेच, करारच रद्दबातल. २०२७ च्या कुंभात साधूंना विचार, कोणाची पॉलिसी आहे का 😄

रात्रपाळी_इंदिरानगर:
ताई, तुमचं वाचून तीच फाइल परत उघडली. अपवादांच्या पानावर तेच दोन शब्द, वाढतं पीक. आमची दिंडोरीला द्राक्षं आहेत, मागच्या गारपिटीच्या पैशांसाठी अण्णांनी वर्षभर जोडे झिजवले. सकाळी त्यांना हे सांगितलं. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तिकडंबी घड उतरवल्याबिगर माल नाही का रे?"