जुने आरपीजी (एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) रीमास्टर करताना नेमकं काय वाचवायचं?

पेठेतला_मांत्रिक (धागाकर्ता):
परवा 'बाल्डर्स गेट' या आरपीजीची एन्हान्स्ड एडिशन (आजच्या कॉम्प्युटरसाठी सुधारलेली आवृत्ती) लावली. मूळ गेम १९९८चा. मी खेळलो २००१मध्ये, टिळक रोडच्या एका सायबर कॅफेत. गेममधल्या फ्रेंडली आर्म इन या सराईच्या पायऱ्यांवर एक मांत्रिक भेटतो. दोन शब्द बोलतो, स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो आणि पुढच्या मंत्रात आपली माणसं सैरावैरा पळायला लागतात. पहिल्या लेव्हलच्या आपल्या जादूगाराचे हिट पॉइंट (जीव किती उरला तो आकडा) चार-सहा. तेव्हा अकरा वेळा मेलो होतो. परवा स्टोरी मोडमध्ये (सगळ्यात सोप्या पातळीवर) मरणच येईना! माझं मत: गेम आजच्या स्क्रीनवर चालता करा आणि हात मागे घ्या. वाडा पाडून टॉवर बांधायचा आणि नाव 'वाडा'च ठेवायचं, हे नको.

हिंजवडी_फेज३:
स्टोरी मोड लावायला कुणी आग्रह केला होता? :)
आणि 'चालता करा' हे तुम्ही नळाचा वॉशर बदलावा तसं लिहिलंय. मूळ गेम ६४० बाय ४८० पिक्सेलच्या स्क्रीनचा. मागची चित्रं थ्रीडीत बनवून सपाट इमेज म्हणून साठवलेली. ज्या मूळ फायलींतून ती काढली, त्याच हाती लागल्या नाहीत. मग मोठ्या आकारात पुन्हा काढणार कशातून? म्हणून झूम केलं की धुरकट दिसतं. 'आइसविंड डेल २' या तशाच जुन्या गेमचं तर त्याहून वाईट: सोर्स कोडच (मूळ प्रोग्रॅम) सापडला नाही, त्यामुळे एन्हान्स्ड एडिशन अडकली. हसू नका, आमच्या ऑफिसात सात वर्षांपूर्वीचं बिल्ड (तेव्हा तयार केलेलं सॉफ्टवेअर) आज कुणालाही चालवता येत नाही.

पेठेतला_मांत्रिक:
कोडचं मान्य. पण नीरा, डॉर्न ही नवी पात्रं कशाला घुसवली? जुनी मंडळी दोन वाक्यांत गप्प होतात, ही बोलतच सुटतात. पंगतीत आगंतुक बसल्यासारखं वाटतं.

कर्वेनगरची_ड्रुइड:
मी २०२३च्या तिसऱ्या भागावरून मागे आले, त्यामुळे आठवणींचं ओझं नाही. आर्मर क्लास (बचावाचा आकडा) जितका कमी तितका चांगला, हे कुठल्या जन्मीचं गणित? तुम्हाला खोक्यात जाडजूड मॅन्युअल मिळायचं, आम्हाला पीडीएफ, ती कोण उघडतंय! आणि गेममधले फायरवाइनचे ते बोगदे! एक माणूस जेमतेम मावेल अशी वाट, आपली सहा माणसं. पुढचा थांबला की मागचे पाच उलट्या दिशेने फेरफटका मारायला निघतात, आणि कोबोल्ड (बुटके राक्षस) बाण मारतायत. हा 'अस्सलपणा' नाही, हा बग आहे. नीराबद्दल मात्र +१.

जुना_फ्लॉपीवाला:
वाड्याची उपमा पुण्यात दर धाग्याला येते, असो. मधला मार्ग आहे. १९८१च्या 'विझर्ड्री'चा २०२४चा रीमेक बघा: खाली अॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरवरचा मूळ कोड चालतो, वर नवं थ्रीडी आणि कोपऱ्यात जुना स्क्रीनही दिसतो. 'डायब्लो २: रीसरेक्टेड'मध्ये (२०२१) एक बटण दाबलं की जुनी ग्राफिक्स. नियम हलवले नाहीत, फक्त काच पुसली.

हिंजवडी_फेज३:
काच पुसायला आधी खिडकी हातात हवी. त्यांच्याकडे जुना कोड होता.

पेठेतला_मांत्रिक:
अपडेट: गेम कोअर रूल्सवर (मूळ नियमांच्या पातळीवर) लावला. पायऱ्यांवर आतापर्यंत चार वेळा मेलो. अक्षरं वाचताना डोळे दुखत नाहीत, एवढं मात्र मान्य.

कर्वेनगरची_ड्रुइड:
फायरवाइनला पोचलात की कळवा, काका.