शब्दचर्चा : द्रावकाने समतोल ‘ढळतो’ का?

प्रश्न :
रसायनशास्त्रावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. वायुरूपात जो रासायनिक समतोल (दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रियेतलं ठरलेलं प्रमाण) असतो तो द्रावणात तसाच राहत नाही, असा मुद्दा आहे. ‘द्रावकामुळे समतोल ढळतो’ असं लिहू का? आणि ‘द्रावक’ऐवजी ‘माध्यम’ चालेल? विश्वकोशात ‘विद्रावक’ आहे, शाळेच्या पुस्तकात ‘द्रावक’.

प्रतिसाद :
ताई, द्रावक आणि विद्रावक एकच: विरघळवणारा पदार्थ. विश्वकोश द्रावणालाही ‘विद्राव’ म्हणतो, तेव्हा एक जोडी धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

‘माध्यम’ मात्र नको. ‘हृदयद्रावक’ आठवा. तिथला द्रावक बाजूला बसून बघत नाही, हृदयाला पाझर फोडतो. रसायनातला द्रावकही तसाच कर्ता आहे.

ॲसिटिलॲसिटोन हे संयुग घ्या. त्याची कीटो आणि ईनॉल ही दोन रूपं एकमेकांत बदलत असतात. वायुरूपात ९० टक्क्यांहून जास्त रेणू ईनॉल असतात, कारण ईनॉल स्वतःच्याच आत हायड्रोजन बंध जुळवून घेतं. त्याला बाहेरच्या कुणाची गरज पडत नाही. पाण्यात चित्र उलटं. कीटोचे दोन्ही ऑक्सिजन मोकळे असतात, त्यांना पाण्याचे रेणू धरून ठेवतात, आणि ईनॉल २० टक्क्यांच्या आसपास उरतं. हेक्झेन या द्रावकाला असं काही धरता येत नाही, म्हणून तिथलं प्रमाण वायुरूपासारखंच. मी हे मुलांना एनएमआरवर (रेणूतले हायड्रोजन आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवणारी चाचणी) दाखवते: नमुना क्लोरोफॉर्मऐवजी डीएमएसओ या जास्त ध्रुवीय द्रावकात घेतला की आलेखावर ३.६ पीपीएमच्या आसपासचं कीटोचं शिखर नुसत्या डोळ्यांना कळेल इतकं वाढतं.

आता ‘ढळतो’. मनाचा समतोल ढळला म्हणजे तो गेला. पाण्यात समतोल जात नाही, वेगळ्या प्रमाणावर साधला जातो. शिवाय एखादा अभिक्रियाकारक वाढवला की समतोल सरकतो, पण समतोल स्थिरांक तोच राहतो. द्रावक बदलला की स्थिरांकच बदलतो: इथे ईनॉल भागिले कीटो हे गुणोत्तर वायुरूपात दहाच्या आसपास, पाण्यात पाव. या दोन गोष्टींना एकच क्रियापद लावलं तर वाचणारं मूल फसेल. मी ‘सरकतो’ पहिल्यासाठी राखून ठेवते आणि द्रावकासाठी सरळ ‘समतोल स्थिरांक बदलतो’ लिहिते.

आणखी एक प्रतिसाद :
पूर्ण सहमत. एकच भर. ‘द्रावक अभिक्रियेवर परिणाम करतो’ असं मोघम लिहू नका, विद्यार्थ्यांना लगेच उत्प्रेरक आठवतो. उत्प्रेरक दोन्ही दिशांचा वेग वाढवतो, समतोल होता तिथेच राहतो. वेग आणि स्थिरांक, कशावर परिणाम ते वाक्यातच यायला हवं.

मूळ प्रश्नकर्ती :
दोघांचे आभार. वाक्य असं केलंय: ‘वायुरूपात ईनॉलकडे झुकलेलं पारडं पाण्यात कीटोकडे झुकतं, कारण द्रावक समतोल स्थिरांकच बदलतो.’ ‘माध्यम’ सगळीकडून काढलं.