पेटत नाही म्हणून डीसीएम सुरक्षित?

काचपात्र: 'डीसीएमची (डायक्लोरोमीथेन या द्रावकाची) उगाच बदनामी चालली आहे. पेटत नाही, काहीही विरघळवतं, चाळीस अंशाला उडून जातं. इथरपेक्षा कितीतरी सुरक्षित.' दोन_थर यांची ही पोस्ट आणि तिच्याखालच्या टाळ्या वाचून राहवलं नाही. अहो, उकळबिंदू ३९.६ अंश आहे हाच तर घोळ आहे. उघड्या भांड्यातून ते बघता बघता हवेत जातं. वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड, त्यामुळे खोलगट जागेत साचून राहते. अमेरिकेत २००० ते २०११ दरम्यान बाथटबचा जुना रंग डीसीएमने काढताना निदान १३ कामगार याच वाफेने गेले. आग कुठेच नव्हती. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि गोडसर वास जाणवेपर्यंत अमेरिकी कामगार-सुरक्षा खात्याची २५ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

दोन_थर: मी इथर पेटलेलं पाहिलंय. हॉटप्लेटपासून लांब ठेवलेल्या फ्लास्कची वाफ टेबलावरून सरकत गेली आणि भडका उडाला. मित्राच्या भुवया जळाल्या. ते पाहिलेल्या माणसाला आकडे सांगू नका. शिवाय घनता १.३३, सेपरेटिंग फनेलमध्ये (थर वेगळे करायच्या तोटीच्या भांड्यात) पाण्याखाली याचा थर बसतो, कॉक उघडला की हवं ते हातात. दुसरं द्रावक इथाइल ॲसिटेट, तर ते ७७ अंशाला उकळतं, म्हणजे उडवायला वेळ, आणि त्यात अल्कली आली की ते स्वतःच तुटायला लागतं. पर्याय सांगा, मग बोला.

निळे_मोजे: एवढं कशाला भांडताय? नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला, विषय संपला.

काचपात्र: विषय तिथेच सुरू होतो! पातळ नायट्राइलमधून डीसीएम काही मिनिटांतच आरपार जातं. माझ्या बोटांची आग झाली तेव्हा मोजा वरून अगदी धड दिसत होता. आत अडकलेलं उडून जायला वाट नाही, म्हणून उघड्या हातापेक्षा जास्त चटका बसतो.

निळे_मोजे: मी वर्षानुवर्षं तेच घालतोय, काही झालं नाही. पुस्तकी भीती पसरवू नका.

स्तंभवाली: 'मला काही झालं नाही' हा पुरावा कधीपासून झाला? आमच्याकडे एका मुलीने सिलिका कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करणारी नळी) चालवताना तेच मोजे तासभर बदलले नाहीत. संध्याकाळी बोटं लाल.

निळे_मोजे: मग काय पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) घालू? ते पाण्यात विरघळतात. सेपरेटिंग फनेलमध्ये अर्धं पाणीच असतं!

स्तंभवाली: बहुपदरी लॅमिनेटचे (प्लास्टिकचे अनेक पदर चिकटवलेले) आत घाला, त्यावर नायट्राइल. पकड सुटत नाही. आणि थेंब उडाला की वरचा मोजा लगेच काढा, हातातलं काम संपण्याची वाट बघू नका.

निळे_मोजे: बरं, थेंब उडाल्यावर काढेन. पण लॅमिनेटमध्ये बोटं ओंडक्यासारखी होतात, हे तुम्हीही कबूल करा.

फिल्टर_कॉफी: डिकॅफ कॉफीसाठी कॅफीन काढायलाही काही ठिकाणी हेच वापरतात, त्यावर कुणी बोलेल का?

काचपात्र: भाजताना ते उडून जातं, आणि अमेरिकेत उरलेल्या अंशाला १० पीपीएमची मर्यादा आहे. कामगाराच्या फुफ्फुसात जाणाऱ्या वाफेशी त्याची तुलना नको. वेगळा धागा काढा.

दोन_थर: मोज्यांत मूळ मुद्दा बुडाला. २०२४च्या अमेरिकी नियमाने बहुतेक वापर बंद केले, पण प्रयोगशाळांना परवानगी ठेवली. म्हणजे माझंच खरं.

काचपात्र: परवानगी अटींवर आहे. या नव्या नियमात हवेतली आठ तासांची सरासरी २ पीपीएमच्या वर जाता कामा नये. एक्स्ट्रॅक्शनला (मिश्रणातून हवा तो पदार्थ द्रावकात ओढून घ्यायला) डीसीएम सोयीचं, एवढं मान्य. त्यापुढे एक शब्द नाही. तुमच्या पोस्टमध्ये फ्यूम हूडचा (वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाचा) उल्लेखही नव्हता, आणि ती वाचून उद्या कुणी बंद खोलीत दाराचा रंग काढायला बसेल.

दोन_थर: हूडची ओळ घालतो. 'सुरक्षित' हा शब्द मात्र काढणार नाही.

स्तंभवाली: मग 'आगीपासून' एवढं तरी त्याच्या आधी लिहा.